पाळी चुकली, टेस्ट पॉझिटिव्ह आली: गर्भपाताचा कायदा, मुदत आणि लागणारी कागदपत्रं

घरच्या किटवर दोन रेघा आल्या आणि हे मूल ठरवलेलं नव्हतं, की पहिले काही दिवस मोबाईलवर शोधाशोध करण्यात आणि मैत्रिणीला विचारण्यातच जातात. कायदा बाईच्या बाजूने बराच मोकळा आहे, पण तो सगळा आठवड्यांवर बेतलेला आहे. म्हणून आधी आठवडे मोजायला शिका, कागदांचं नंतर बघू.

डॉक्टर गर्भधारणेचे दिवस संबंध आला त्या तारखेपासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. समजा शेवटची पाळी 3 जूनला आली होती. 28 दिवसांचं चक्र असेल तर पुढची 1 जुलैला यायला हवी होती. ती आली नाही आणि 8 जुलैला तुम्ही टेस्ट केली, तर त्या दिवशी तुम्हाला पाच आठवडे पूर्ण झालेले असतात. ‘आत्ताच तर आठवडा झालाय’ हा हिशेब इथेच चुकतो. गर्भपाताच्या गोळ्यांची मुदत 9 आठवडे, म्हणजे 63 दिवस. या उदाहरणात ती 5 ऑगस्टला भरते.

टेस्ट सकाळच्या पहिल्या लघवीची करावी. किटवर लिहिलेत तेवढेच थेंब टाकायचे आणि लिहिलेल्या वेळेतच निकाल वाचायचा. अर्ध्या तासाने उमटलेली पुसट रेघ धरायची नाही. रेघ एकच आली आणि तरीही पाळी येत नसेल, तर चार-पाच दिवसांनी पुन्हा करा. मेडिकलमधून किट घ्यायला संकोच वाटत असेल तर आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मोफत मिळतं. अर्थात लहान गावात तोच संकोच आशाताईंसमोरही वाटतो. मग तालुक्याचं रुग्णालय बरं.

किट फक्त दिवस गेलेत एवढंच सांगतं. गर्भ कुठे आहे ते सोनोग्राफीत कळतं आणि हे महत्त्वाचं आहे. गर्भ पिशवीबाहेर, नळीत राहिला असेल तर गर्भपाताच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. एका बाजूला जोराचं पोटात दुखणं, खांदा दुखणं, चक्कर येणं, सोबत थोडं रक्त जाणं, असं काही असेल तर ओपीडीच्या वाराची वाट न बघता 108 ला फोन करा.

सोनोग्राफीला डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र मागतात, फॉर्म एफ भरून घेतात. तो 1994 च्या लिंगनिदानविरोधी कायद्याचा फॉर्म आहे, प्रत्येक गरोदर बाईचा भरावाच लागतो. तो भरला म्हणजे गर्भपाताला अडचण येईल असं काही नाही.

कायदा काय म्हणतो

गर्भपाताचा कायदा 1971 चा, त्यात 2021 साली मोठी दुरुस्ती झाली. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत, पात्र डॉक्टरांचं मत पुरतं. आपल्याकडे निव्वळ ‘मला नको’ एवढं कारण कायद्यात लिहिलेलं नाही. डॉक्टरांना ठरावीक कारणांपैकी एक नोंदवावं लागतं. जिवाला धोका, शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा, बलात्कार, गर्भात दोष, आणि गर्भनिरोधक साधन फसणं. या शेवटच्या कारणात पूर्वी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असे शब्द होते. आता ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आहेत. लग्न झालेलं नाही म्हणून कोणी परत पाठवत असेल, तर ते कायद्याला धरून नाही.

20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ही सोय ठरावीक स्त्रियांसाठी आहे: अत्याचारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग, मानसिक आजार असलेल्या, गर्भात गंभीर दोष निघालेल्या, आपत्तीत सापडलेल्या. अविवाहित स्त्रियांना यातून वगळता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 ला दिला. 24 आठवड्यांनंतर गर्भातला गंभीर दोष असेल तर प्रकरण वैद्यकीय मंडळापुढे जातं.

कागदपत्रं

18 वर्षं पूर्ण झालेल्या बाईची फक्त तिची स्वतःची संमती लागते. ती फॉर्म सी वर घेतात. त्यात नाव, कोणाची मुलगी किंवा पत्नी, वय, पत्ता, रुग्णालयाचं नाव आणि खाली तुमची सही. नवऱ्याच्या सहीची ओळच त्यात नाही. तरीही ‘मिस्टरांना घेऊन या’ असं काउंटरवर सर्रास सांगतात. शांतपणे विचारा, कोणत्या नियमात आहे? लग्नाचा दाखलाही लागत नाही. आधार कार्ड, जुने रिपोर्ट आणि रक्तगट माहीत असेल तर त्याचा कागद सोबत ठेवा. काम लवकर होतं.

मुलगी 18 च्या आतली असेल किंवा बाई मानसिक आजारी असेल तर पालकांची लेखी संमती लागते. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं आणि या भीतीपोटी अनेक कुटुंबं भोंदू दवाखाने गाठतात. वर सांगितलेल्या निकालातच न्यायालयाने म्हटलंय की मुलगी आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी त्या कळवण्यात तिची ओळख उघड करायची गरज नाही.

गुप्ततेचं म्हणाल तर संमतीपत्र आणि डॉक्टरांचं मत एका सीलबंद पाकिटात ठेवतात. पाकिटावर तुमचं नाव नसतं, रजिस्टरमधला अनुक्रमांक असतो आणि ‘गोपनीय’ असा शेरा. माहिती बेकायदा फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

सरकारी रुग्णालयाला वेगळी मान्यता लागत नाही. खासगी दवाखान्यात मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असायला हवं. ते दिसत नसेल तर विचारा, आणि टोलवाटोलवी झाली तर तिथून निघा.

गोळ्या, उपकरण, की मूल ठेवायचं

गोळ्या दोन प्रकारच्या असतात. आधी मिफेप्रिस्टोनची एक, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. पाळीपेक्षा जास्त रक्त जातं, गाठी पडतात, पोटात कळा येतात. हे अपेक्षितच असतं. साधारण दोन आठवड्यांनी तपासणीला जायचं. लघवीची टेस्ट त्यानंतरही काही दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते, तिने घाबरू नका. अंगात रक्त फार कमी असेल, तांबी बसवलेली असेल, रक्त नीट न गोठण्याचा आजार असेल किंवा स्टिरॉइड बराच काळ चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही. मेडिकलवाला गुपचूप देतो तेव्हा आठवडे, रक्तगट, गर्भाची जागा यातलं काहीच तपासलेलं नसतं.

दुसरा मार्ग व्हॅक्युम अ‍ॅस्पिरेशनचा, म्हणजे उपकरणाने गर्भ शोषून काढण्याचा. 12 आठवड्यांपर्यंत हे काम काही मिनिटांत होतं आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येतं. जुन्या पद्धतीचं क्युरेटिंग, म्हणजे पिशवी खरवडणं, जागतिक आरोग्य संघटना सुचवत नाही. कुठली पद्धत वापरणार, हे नक्की विचारा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, तेही.

मूल ठेवायचं ठरलं तर 12 आठवड्यांच्या आत नोंदणी करून माता-बाल कार्ड घ्या. सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत होतं. सांभाळणं शक्य नसेल तर जन्मानंतर बाल कल्याण समितीपुढे बाळ कायदेशीररीत्या सोपवता येतं, आणि फेरविचाराला 60 दिवस मिळतात.

गर्भपातानंतर सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, ताप उतरत नसेल किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त जात असेल तर लगेच परत जा. पुढची पाळी यायच्या आधीही पुन्हा दिवस जाऊ शकतात, म्हणून साधनाचं त्याच भेटीत ठरवा. मात्र ‘तांबी बसवली किंवा ऑपरेशन केलं तरच करू’ अशी अट कोणी घातली, तर तशी अट कायद्यात कुठेही नाही.