घड्याळातल्या ‘ज्वेल्स’ची किंमत किती?

‘जुन्या ऑटोमॅटिक घड्याळावर २१ ज्वेल्स लिहिलं असेल तर आत २१ मौल्यवान माणकं असतात, मोडून विका,’ हा मेसेज खानदेशात वर्षानुवर्षं फिरतोय.

माणकं असतात, पण कृत्रिम. १९०२ पासून ती कारखान्यात स्वस्तात बनतात. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेल्या या गुलाबी चकत्या मोहरीएवढ्या, बऱ्याचशा मधोमध भोक पाडलेल्या. घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून भिंगातून पाहा, मग जळगावच्या कुठल्याही सराफाला भाव विचारा.

सत्तरच्या दशकातल्या क्रोनोग्राफचं, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाचं, मोल मूळ डायल, काटे आणि चालू यंत्रात आहे. १९६९ मध्ये आलेल्या सीको ६१३९ या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफमध्ये १७ ज्वेल्सही पुरत. म्हणून कृपया मोडू नका. असं घड्याळ घेताना वरचं बटण दाबून स्टॉपवॉचचा काटा सोडा, पुन्हा दाबून थांबवा. खालच्या बटणाने तो नेमका बारावर परततो का, बघा.