स्नायू होता होता अडलेली पेशी

ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा हा मुलांच्या मऊ ऊतींमधील कर्करोगांत सर्वाधिक आढळणारा प्रकार असला, तरी बालपणीच्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम ३ टक्के आहे. व्हिन्क्रिस्टीन, अ‍ॅक्टिनोमायसिन-डी आणि सायक्लोफॉस्फमाइड ही त्यावरची नेहमीची औषधे कित्येक दशके जुनी आहेत. रोग एका जागी असेल तर बहुतेक मुले बरी होतात. तो शरीरात पसरला की मात्र हे प्रमाण फार घसरते.

या रोगाच्या अधिक चिवट प्रकारात बहुधा दुसऱ्या आणि तेराव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलले जाऊन पॅक्स३ आणि फॉक्सओ१ ही जनुके जोडली जातात. त्यातून तयार होणारे प्रथिन पेशीला धड स्नायूही होऊ देत नाही आणि तिचे विभाजनही थांबू देत नाही. १९९३ मध्ये हे जोड-जनुक ओळखले गेले, तरी त्यावर थेट काम करणारे औषध आजही उपचारात नाही. कारण ते डीएनएवर बसून इतर जनुके चालू करणारे प्रथिन आहे आणि विकरांमध्ये (एन्झाइम्समध्ये) असते तशी औषधाचा रेणू घट्ट बसेल अशी खाच त्यात सापडत नाही.

म्हणून शोध वळला तो या प्रथिनाला ज्यांची गरज भासते त्यांच्याकडे. क्रिस्पर या जनुके कापण्याच्या तंत्राने वेगवेगळ्या पेशींमध्ये वेगवेगळी जनुके निकामी करायची आणि कोणत्या पेशी तगत नाहीत ते पाहायचे, ही रुळलेली पद्धत. कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०२३ मध्ये वेगळी कसोटी लावली: स्नायूच्या आकुंचनाला लागणारे मायोसिन ज्या पेशींत तयार होऊ लागले, तेवढ्याच त्यांनी वेचून काढल्या. त्यातून एनएफ-वाय हा प्रथिनसमूह पुढे आला. पॅक्स३ जनुक चालू करणारा डीएनएचा जो भाग जोड-जनुकालाही आयता मिळतो, तो एनएफ-वाय कार्यान्वित करतो. त्याचा एक घटक काढून घेताच जोड-प्रथिन घटले आणि कर्कपेशी स्नायूपेशींसारख्या होऊ लागल्या. (अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्यूकेमिया या रक्ताच्या कर्करोगात रेटिनॉइक अ‍ॅसिड देऊन पेशींना असेच परिपक्व केले जाते, तेव्हा ही कल्पना हवेतली नाही.) किती पेशी मेल्या एवढेच मोजत राहिलो, तर अशी लक्ष्ये नजरेतून सुटतात, हे मला या प्रयोगातले सर्वात मोलाचे वाटते.

अडचण अशी की एनएफ-वायचा उपयोग असंख्य निरोगी पेशीही करतात, त्यामुळे तो सरसकट बंद करणे परवडणारे नाही. त्या मानाने एफजीएफआर४ अधिक हाताशी आहे. जोड-प्रथिन ज्या जनुकांना चेतवते त्यांतल्याच एकापासून हा ग्राही, म्हणजे बाहेरचे संदेश टिपणारे प्रथिन, बनतो. पेशीच्या पृष्ठभागावर तो मोठ्या संख्येने असतो आणि विकर असल्याने त्याला खाचही आहे. त्यामुळे रेणूरूप औषधांबरोबरच, रोगप्रतिकारक टी-पेशींना प्रयोगशाळेत त्याची ओळख देऊन त्या गाठीवर सोडण्याचे प्रयत्नही सुरू झाले आहेत.