बेरा तपासणीत बाळाला शॉक देत नाहीत

"बेरा करू नका, डोक्याला करंट देतात," असं सोलापुरात कितीतरी आज्या सांगतात. त्यांची काळजी खरी आहे, माहिती मात्र चुकीची.

बेरा म्हणजे बाळाला ऐकू येतं का ते पाहणारी तपासणी. तिच्यात डोक्याला लावतात त्या वायरी करंट द्यायला नसतातच, त्या मेंदूकडून येणारे संकेत टिपतात. कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड, म्हणजे या वायरींची टोकं, चिकटवतात आणि झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक टिकटिक सोडतात. आवाज पोचला की कानाची नस आणि मेंदूचा खालचा भाग साधारण 10 मिलिसेकंदांत एकामागोमाग लहरी उमटवतात. त्या एका मायक्रोव्होल्टहूनही क्षीण असतात, म्हणून हजार-दोन हजार वेळा आवाज देऊन सरासरी काढावी लागते. मग आवाज कमी करत नेतात. पाचवी लहर ज्या पातळीपर्यंत दिसते, त्यावरून बाळाला कमीत कमी किती आवाज ऐकू येतो याचा अंदाज बांधतात. अंदाजच तो, मूल मोठं झाल्यावर त्याचा प्रत्यक्ष प्रतिसाद घेऊन पुन्हा तपासावं लागतं.

याहून घातक समजूत दुसरी: "थाळी वाजवली की दचकतं, म्हणजे ऐकू येतं." यंत्रमागाच्या खडखडाटाला दचकणाऱ्या बाळाला आईचं हळू बोलणं ऐकूच येत नसेल तर? शिवाय थाळीवरचा हात त्याला दिसतोही.

पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं वेळापत्रक तज्ज्ञ सांगतात. "काकापण उशिराच बोलला होता" म्हणत वर्षं घालवू नका.

तपासणीला जाताना बाळाला वाटेत झोपू देऊ नका. झोपेचं औषध द्यायचं नसेल, तर तिथेच पाजून झोपवा.