लिबरल आर्ट्स कॉलेज आणि कोकणातली मुलं : थोडी पार्श्वभूमी

बारावीच्या निकालात कोकण विभाग बहुतेक वर्षी राज्यात पहिला असतो आणि निकाल लागला की मुलं मुंबई-पुण्याला निघतात. ही वाट जुनीच. धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी दापोलीजवळच्या मुरूडहून सह्याद्री चढून साताऱ्याला पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. रत्नागिरीत कॉलेज यायला १९४५ साल उजाडलं.

आता काही पालक लिबरल आर्ट्सची, म्हणजे विज्ञान, कला, सामाजिक शास्त्रं असे विषय एकत्र शिकू देणाऱ्या पदवीची चौकशी करतात. सोनीपतचं अशोका विद्यापीठ २०१४ मध्ये सुरू झालं, पुण्यात फ्लेम विद्यापीठ आहे. फी वर्षाला काही लाखांत जाते, त्यामुळे या शिक्षणाचं मूळ समजून घेतलेलं बरं.

अमेरिकेत विल्यम्स (१७९३), अ‍ॅमहर्स्ट (१८२१) ही कॉलेजं छोट्या गावांत वाढली. मुलं तिथेच राहतात, वर्ग लहान असतात आणि मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरतो. शिकवणारा प्राध्यापकच अभ्यासक्रम आखतो, पेपर काढतो, निबंध तपासतो. आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. त्यामुळे आपली कॉलेजं आकाराने लहान असली, तरी अभ्यासक्रम मुंबईहून येत राहिला. मला हा फरक इमारत किंवा कॅम्पसपेक्षा फार मोठा वाटतो.

वेंगुर्ल्याची एखादी मुलगी खडपावरची कालवं ओळखते, त्यांची चित्रं काढते आणि दशावतार बघायला रात्र जागवते. दहावीनंतर तिला सायन्स की आर्ट्स हे ठरवावंच लागतं. अशा मुलीला लिबरल आर्ट्स मनापासून मानवेल. ज्याला सीए किंवा मत्स्यशास्त्रच करायचं आहे, त्याने सरळ तिकडे जावं; आई-बाबांनी कर्ज काढून त्याला इथे पाठवू नये.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नालंदा आणि चौसष्ट कलांचा दाखला देत चार वर्षांची, अनेक विषयांची पदवी आणली. उद्देश चांगला आहे. पण पदं रिकामी आणि शिक्षक तासिका तत्त्वावर असतील, तर विषय कागदावरच राहतात. म्हणून कॉलेज महागडं असो की गावातलं, प्रवेशाआधी दोन गोष्टी विचाराव्यात : पहिल्या वर्षाच्या वर्गात मुलं किती, आणि त्यांचा निबंध वाचून त्यावर त्यांच्याशी बोलणारा पूर्णवेळ शिक्षक कोण.