ज्या मुलखाची भीती, त्याची भाषा

एम.ए.च्या प्रवेशाचे दिवस आले की जळगाव, धुळे, नंदुरबारकडची काही मुलं हल्ली एक वेगळी विचारणा करतात. नुसतं राज्यशास्त्र नको, नुसतं भाषा-साहित्यही नको. एखाद्या प्रदेशाचं राजकारण, तिथली सुरक्षा आणि तिथली भाषा असं तिन्ही एकत्र शिकायला मिळतं का? मिळतं. इंग्रजीत त्याला 'एरिया स्टडीज' म्हणतात, मराठीत 'क्षेत्र अभ्यास'. यात शेतीचं काही असतं का, असं घरचे विचारतात, ते सोडा. या विषयाची गोष्ट दिल्लीपासून सांगायची रीत आहे. मी धुळ्यापासून सांगतो, कारण हा अभ्यास करणारी माणसं इथे फार आधी येऊन गेली आहेत. फरक एवढाच की तेव्हा अभ्यासाचा विषय आपण होतो.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश कंपनीकडे गेला आणि कारभार आला कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे. मुख्य ठाणं म्हणून त्याने धुळं निवडलं. हा नुसता शिपाईगडी नव्हता, फारसीचा चांगला जाणकार होता. १८२९ मध्ये त्याने फरिश्ताच्या फारसी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर चार खंडांत छापलं. थाळनेर-बऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांची हकिगत त्या इतिहासात आहे. म्हणजे एकेकाळी ज्या मुलखाचा सारा गोळा केला, त्याच मुलखाचा भूतकाळही साहेबाने वाचून ठेवला.

सातपुड्यातले भिल्ल मात्र फारसी पोथीत सापडणारे नव्हते. त्यांच्याशी कंपनीची झटापट काही वर्षं चालूच राहिली. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम हा तरुण अधिकारी आला. तो त्यांच्यात मिसळला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला आणि त्यांच्यातूनच भिल्ल पलटण उभी राहिली. तिचं ठाणं धरणगावला. बंदुकीने साधलं नाही ते ओळखीने साधलं, असं याचं कौतुक इंग्रजांनी पुष्कळ केलं. पण ओळख एका बाजूने होत नसते. सेंधव्याच्या घाटावर सरकारच्याच चाकरीत पहारा केलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये सरकारवर उलटला, आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये अंबापाणीला त्याच्या लोकांशी फौजेला मोठी लढाई द्यावी लागली. इंग्रजाची चाल त्यालाही ठाऊक झाली होती.

भाषेचं खातंही याच घरातलं. कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी कलकत्त्याला १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. तिथे मराठी शिकवणाऱ्या विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ चं. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. जुन्या शब्दाशी अडलं की आजही आपण तोच उघडतो, पण तो करणारा माणूस कंपनीच्या फौजेतला होता हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. पुढे ग्रियर्सनने भारताच्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशी, म्हणजे अहिराणी बोलीला भिल्ली बोलींच्या शेजारी बसवलं. तो भाग १९०७ चा. अहिराणी मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद तेव्हापासूनचा. गुजराती 'छे' म्हणतो, अहिराणी बोलणारा 'शे' म्हणतो. 'मन्हं नाव', 'तुन्हं गाव' यातला 'न'सुद्धा तिकडचाच भाऊबंद वाटतो. हा वाद नुसता पंडिती नाही. डांग महाराष्ट्राचा की गुजरातचा, हे भांडण डांगी बोली कोणाला जवळची यावरूनही झालं, आणि १९६० मध्ये डांग गुजरातेत गेला. बोलीभाषा नकाशावरची रेघ हलवू शकते, हे खानदेशाच्या उशालाच घडलं.

विद्यापीठातला विषय म्हणून याला आकार आला तो विसाव्या शतकात. लंडनला साम्राज्याची गरज म्हणून पौर्वात्य भाषांची स्वतंत्र संस्था १९१६ मध्येच निघाली होती, पण खरा जोर लागला अमेरिकेत. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिका हादरली. वर्षभरात, १९५८ ला, संरक्षण शिक्षणाचा कायदा झाला. निकडीच्या म्हणून पहिल्या यादीत ज्या भाषा घेतल्या त्या होत्या रशियन, चिनी, अरबी, जपानी, पोर्तुगीज आणि हिंदी-उर्दू. पैसा कायद्याच्या नावाप्रमाणे संरक्षणाचा, शिकवायचं व्याकरण. आपल्याकडे 'पीएल-४८०'चा, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकी कायद्याखाली आलेला गहू आठवणारे लोक अजून आहेत. त्या गव्हाचे जे रुपये इथे साठले, त्यातल्या काहींतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी ग्रंथालयांत पाठवली गेली. त्यात मराठीही होती. आपण त्यांचा गहू खाल्ला, त्यांनी आपली पुस्तकं वाचली. सौदा कोणाला पडला, हे ज्याने त्याने ठरवावं.

भारतात सुरुवात भीतीतून झाली नव्हती, हे नोंदवलं पाहिजे. शांतिनिकेतनात १९३७ मध्ये चीन भवन उघडलं ते मैत्रीच्या ओढीने. त्याच्या आदल्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. बैलगाड्या करून आलेल्या शेतकऱ्यांसमोर अध्यक्ष नेहरू स्पेनच्या यादवीबद्दल आणि फॅसिझमबद्दल बोलले. केळी-कपाशीच्या मुलखात स्पेनचं काय काम, असं कुणाला वाटलं असेल तर नवल नाही. पण १८६१ ते ६५ च्या अमेरिकी यादवीत इथल्या कपाशीचा भाव कसा चढला आणि नंतर कसा आपटला, हे घराघरांत माहीत असलेल्या लोकांना लांबची लढाई फार लांबची वाटली नसावी. फैजपूरसाठी राबलेल्या साने गुरुजींनी पुढे 'आंतरभारती'ची कल्पना मांडली: शेजारच्या प्रांताची भाषा शिकायची, ती त्याच्यावर राज्य करायला नव्हे, त्याचा होण्यासाठी. अमळनेरच्या या शिक्षकाने तुरुंगात राहून तमिळ 'कुरल' मराठीत आणलं. एरिया स्टडीजच्या एकाही अभ्यासक्रमात हे नाव मी पाहिलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याने १९४८ मध्येच परकीय भाषांची शाळा काढली. दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये १९५५ ला आंतरराष्ट्रीय अभ्यासाचं विद्यालय सुरू झालं. १९७० मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झालं, आणि आज मुलं ज्या 'स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज'चं नाव घेत येतात ते तेच. या दोन टोकांच्या मध्ये आलं १९६२. चीन समोर उभा ठाकला तेव्हा चिनी वाचू शकणारी माणसं देशात बोटांवर मोजण्याइतकी. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री' म्हणत यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. पुढच्या एक-दोन वर्षांत विद्यापीठ अनुदान आयोगाने क्षेत्र अभ्यासाची केंद्रं द्यायला सुरुवात केली, दिल्ली विद्यापीठात चिनी अभ्यास आला, आणि १९६५ मध्ये संरक्षण अभ्यास व विश्लेषण संस्था निघाली. त्याच दशकात भुसावळजवळ वरणगावला काडतुसांचा कारखाना आला. एकाच धास्तीची ही दोन अपत्यं. खानदेशाच्या वाट्याला त्यातला कारखाना आला, केंद्र नाही.

सिद्धांत नंतर आले, त्यावर फार रेंगाळण्यासारखं नाही. एका प्रदेशातल्या देशांच्या भीती एकमेकांत गुंतलेल्या असतात, म्हणून सुरक्षा देशागणिक न पाहता प्रदेशागणिक पाहावी, हे बॅरी बुझान यांनी १९८३ मध्ये मांडलं. त्याआधी १९७८ मध्ये एडवर्ड सईद यांनी विचारलं होतं की पूर्वेचा हा अभ्यास कोणाच्या सोयीचा. ब्रिग्ज आणि आउट्रम माहीत असलेल्या धुळेकराला तो प्रश्न समजायला वेळ लागू नये.

आपल्याकडच्या सोयीचं म्हणाल तर १९९० पर्यंत खानदेशातली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. राज्यशास्त्रात एम.ए. जळगावला करता येई; मूळजी जेठा महाविद्यालयातून ते केलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती, म्हणजे तिन्ही सैन्यदलांच्या सरसेनापती झाल्या. परकी भाषा हवी तर मात्र पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटची वाट. १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आलं. २०१८ पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. तरी प्रदेश, सुरक्षा आणि भाषा हे त्रिकूट हवं असलेलं मूल अजूनही बॅग भरून झेलम एक्स्प्रेसलाच बसतं, सुटी संपवून जम्मूकडे निघालेल्या जवानांच्या शेजारी.

या वर्षी शहाद्याकडचा एक मुलगा असाच अर्ज घेऊन बसला होता. 'अवगत भाषा' या रकान्यात त्याने लिहिलं होतं: मराठी, हिंदी, इंग्रजी. १९४२ मध्ये नंदुरबारला शिरीषकुमार ज्या घोषणा देत गेला त्यातली 'नहीं नमशे' गुजराती होती, ते मला आठवलं.

"घरी काय बोलता रे?"

"पावरी."

"आणि बाजारात?"

"अहिराणी. गुजराती बी येते ना सर." मग थोडं थांबून, "ते बी लिहायचं असतं का?"

रकान्यात जागा उरली नव्हती. समासात लिही म्हटलं.