बॅक्लोफेन

बॅक्लोफेन हे मेंदू किंवा मज्जारज्जू यांच्या विकारांमुळे स्नायूंना येणारी ताठरता कमी करणारे औषध आहे. चेतासंस्थेतील संदेशांना आवर घालणाऱ्या ‘गाबा’ या नैसर्गिक द्रव्यापासून ते साधले असून १९६२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सिबा या औषध कंपनीत हाइनरिख केबर्ले यांनी ते प्रथम तयार केले. अपस्मारावर उपाय म्हणून त्याची चाचणी झाली, पण आकडी थांबवण्यात ते दुबळे ठरले. ताठरतेवर मात्र त्याचा गुण दिसला आणि तोच पुढे त्याचा मुख्य उपयोग झाला.

सांधा जितक्या वेगाने हलवावा तितका स्नायूचा विरोध वाढत जाणे, हे या ताठरतेचे लक्षण होय. मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जारज्जूची इजा, सेरेब्रल पाल्सी आणि पक्षाघात ही तिची नेहमीची कारणे आहेत. मेंदूकडून येणारे नियंत्रण तुटल्यामुळे मज्जारज्जूतील प्रतिक्षेप (इच्छेविना आपोआप होणाऱ्या स्नायूंच्या प्रतिक्रिया) अनिर्बंध होतात आणि स्नायू सतत आखडलेले राहतात. बॅक्लोफेन चेतापेशींवरील ‘गाबा-बी’ ग्राहींना, म्हणजे गाबाचा संदेश टिपणाऱ्या रेणूंना, चेतवते, त्यामुळे चेतातंतूंच्या टोकांत कॅल्शियमचा शिरकाव घटून उत्तेजक द्रव्ये कमी स्रवतात आणि प्रतिक्षेप सौम्य होतात. म्हणजे औषधाचे काम मुख्यतः मज्जारज्जूत होते, स्नायूत नव्हे. प्रत्यक्ष स्नायूवर काम करणारे डँट्रोलीन या बाबतीत त्याहून वेगळे आहे.

प्रौढांमध्ये साधारणपणे ५ मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून तीनदा देऊन सुरुवात करतात आणि दर तीन दिवसांनी ती थोडी थोडी वाढवतात. दिवसाला ८० मिलिग्रॅम ही बहुधा कमाल मर्यादा मानली जाते. रात्री पाय आखडून होणाऱ्या वेदना कमी होणे, मांड्या विलग करून स्वच्छता करता येणे, चाकाच्या खुर्चीत नीट बसता येणे, हे त्याचे खरे फायदे होत. तथापि ताठरता ही प्रत्येक वेळी शत्रूच असते असे नाही. पायांत जोर नसलेले काही रुग्ण त्या ताठपणाच्याच आधाराने उभे राहतात, आणि औषधाने तो सैल पडला की त्यांचे चालणे सुधारण्याऐवजी बिघडते. म्हणून उपचाराआधी नेमके काय साधायचे आहे हे रुग्णाशी आणि शुश्रूषा करणाऱ्यांशी बोलून ठरवावे लागते. असाध्य उचकी आणि ट्रायजेमिनल चेताशूळ (चेहऱ्याच्या चेतेतून उठणारी तीव्र कळ) यांवरही हे औषध कधीकधी वापरतात.

तोंडावाटे घेतलेल्या औषधाचा अल्पसा भागच मेंदू व मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो. तीव्र ताठरतेत पोटाच्या त्वचेखाली छोटा पंप बसवून नळीवाटे ते थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडले जाते. तेव्हा मात्रा मिलिग्रॅमऐवजी मायक्रोग्रॅममध्ये मोजावी लागते. अमेरिकी मेंदूशल्यचिकित्सक रिचर्ड पेन यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत रूढ केली आणि १९९२ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. पंप ठरावीक मुदतीने सुईने भरावा लागतो, त्यामुळे रुग्णाला ही सोय असलेल्या उपचार केंद्राशी कायमचा संबंध ठेवावा लागतो.

गुंगी, चक्कर, मळमळ आणि अशक्तपणा हे सामान्य दुष्परिणाम असून मद्य, झोपेची औषधे व अफूजन्य वेदनाशामके यांच्या जोडीने गुंगी धोकादायक पातळीला जाऊ शकते. याहून अधिक दुर्लक्षित धोका मूत्रपिंडाचा आहे. औषधाचा बहुतांश भाग न बदलता लघवीवाटे बाहेर पडतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या व्यक्तीत तो साचतो आणि एरवी किरकोळ वाटणाऱ्या मात्रेनेही गोंधळ, भ्रम किंवा बेशुद्धी येते. अशा वेळी डायलिसिसने औषध शरीरातून काढता येते, पण मुळात डायलिसिसवरील रुग्णाला ते देणेच टाळावे हे बरे.

दुसरा मोठा धोका औषध एकाएकी बंद करण्यात आहे. गोळ्या संपल्या, शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवले, पंपाची नळी निसटली किंवा पंप वेळेवर भरला गेला नाही, तर मूळची ताठरता दुप्पट जोराने उसळते. भास, आकडी आणि तीव्र ताप येतो, स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडांवर ताण पडतो आणि रुग्ण दगावूही शकतो. हे चित्र जंतुसंसर्गासारखे दिसत असल्याने निदान चुकते. पंपातून दिलेले औषध अचानक थांबल्यास होणाऱ्या या परिणामांबद्दल अमेरिकी औषध प्रशासनाने ठळक चौकटीत इशारा दिलेला आहे. गोळ्या थांबवायच्या झाल्यास मात्रा हळूहळू, सहसा एक-दोन आठवड्यांत किंवा त्याहून सावकाश, उतरवत नेतात.

मद्यासक्तीवरील उपयोग हा वादाचा विषय राहिला आहे. ऑलिव्हिए अमेझन या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञांनी मोठ्या मात्रेने स्वतःची मद्याची ओढ शमल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध केले आणि फ्रान्समध्ये त्याचा वापर झपाट्याने वाढला. तेथे २०१८ मध्ये या उपयोगाला परवानगी मिळाली, परंतु दिवसाला ८० मिलिग्रॅमच्या मर्यादेतच. मोठ्या मात्रेची भीती निराधार नव्हती: अतिमात्रेत श्वसन मंदावते, नाडी संथ होते, सर्व प्रतिक्षेप नाहीसे होतात आणि रुग्ण इतक्या खोल बेशुद्धीत जातो की मेंदूमृत्यूचा भास व्हावा; पण श्वसनाला यंत्राचा आधार देऊन औषध उतरेपर्यंत वाट पाहिल्यास असे रुग्ण पूर्ण शुद्धीवर आल्याची उदाहरणे आहेत.