दारू सुटण्याची वाट: मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरून ठाण्यापर्यंत

दारू बंद केल्याची तिसरी रात्र. माणूस गोधडीवरचे नसलेले किडे झटकतोय, मेलेल्या भावाशी बोलतोय, अंगाला दरदरून घाम, हात थरथरतायत. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर अशा वेळी पहिला निरोप बहुतेकदा भगताला जातो. घरच्यांना अडाणी म्हणण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. दारू म्हणजे महसूल आणि गुन्हा, एवढंच सरकारने या भागाला पिढ्यान् पिढ्या शिकवलं. ती आजारही आहे, हे सांगणारं कुणी फार उशिरा आलं.

ठाणे जिल्ह्यात ताडी आणि मोहाची दारू घरोघर होती, सणाला, लग्नाला, देवाला लागायची. 1878 च्या आबकारी कायद्याने ताडाच्या झाडांवर जबर कर बसला आणि घरची भट्टी बेकायदा ठरली. 1892 मध्ये खास ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांसाठी कायदा आला, त्याने मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. जंगलात वेचलेलं फूल घरात ठेवणं गुन्हा! गावची दारू ठेकेदाराच्या गुत्त्यावर गेली, उधारीवर मिळू लागली. 1949 चा दारूबंदी कायदा पुढे सैल होत गेला, पण हातभट्टी आणि पोलिसांची धाड यांचं नातं तसंच राहिलं. आजही पाड्यावर ‘दारूसाठी सरकारी माणूस येतो’ याचा अर्थ धाड असाच घेतला जातो.

ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासूनचं. पण ‘ठाण्याला नेलं’ म्हणजे वेडा ठरला, ही भीती इतकी खोल की दारूसाठी तिथे जायचं कुणाला सुचत नसे. त्यापेक्षा माळ घालणं जवळचं वाटे. माळेमुळे माणसाला संगत बदलून मिळते, वारीतली माणसं त्याला धरून ठेवतात. ती मोठी ताकद आहे. फक्त रोज पिणाऱ्याने माळ घातली की दारू एका दिवसात तुटते, आणि धोका तिथेच असतो.

शरीराचं गणित असं. शेवटच्या घोटानंतर 6 ते 24 तासांत थरथर, मळमळ, घाम, झोप उडणं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, छातीची धडधड. ज्याला लोक ‘वारं लागलं’ म्हणतात ते बऱ्याचदा हेच, आणि उपचार न मिळाल्यास जीव जातो. दवाखान्यात मेंदू शांत करणारी औषधं उतरत्या मात्रेत देतात आणि बी-1 जीवनसत्त्व देतात, तेही ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी. सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागते किंवा पूर्वी फिट आली आहे, अशा माणसाची दारू घरी अचानक तोडू नये. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, 108 ला फोन करा.

व्यसनमुक्ती म्हणून वेगळी सोय महाराष्ट्रात रुजली ती 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाल्यावर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 पासून आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू-ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही आजारात धरल्या. म्हणूनच गाडी पाठवून माणूस उचलून नेणाऱ्या, कोंडून किंवा साखळीला बांधून ठेवणाऱ्या ‘केंद्रां’पासून सावध राहा, साखळीने बांधायला कायद्यानेच बंदी आहे. पैसे भरण्याआधी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी बघा. मनोविकारतज्ज्ञ कोण, तो किती वेळा येतो आणि घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा.

मुरबाडला रेल्वे नाही. एसटीने कल्याण, मग लोकलने ठाणे, असा दिवस जातो. निघण्याआधी 14446 (व्यसनमुक्ती) किंवा 14416 (मानसिक आरोग्य) या मोफत क्रमांकांवर बोलून कुठे जायचं ते विचारून घ्या. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आधी दाखवलं तर पुढे पाठवल्याची चिठ्ठी हातात राहते. कागदावर लिहून न्या: शेवटची कधी प्यायला, दिवसाला किती क्वार्टर किंवा हातभट्टीच्या किती पिशव्या, फिट आली होती का, कावीळ झाली होती का, चालू औषधं कोणती. सोबत आधार, रेशनकार्ड. पुरुष कमी सांगतो, बायको खरं सांगते. ती बरोबर असावीच.

जेवणात चोरून मिसळायची ‘दारू सोडवायची पावडर’ कृपा करून वापरू नका. तिच्यात डायसल्फिराम (दारू अंगाला सोसू न देणारं औषध) निघालं आणि वर माणूस दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळतो. हे औषध माणसाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

बरं वाटलेला माणूस पुन्हा घसरतो तो बऱ्याचदा दिवाळीनंतर, कातकरी कुटुंबं उचल घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेली की. आठवड्याची खर्ची हातात येते, भट्टीशेजारीच पिशवी मिळते आणि तपासणीची तारीख गावाकडेच राहते. म्हणून केसपेपर काढतानाच भट्टीचं ठिकाण आणि तिथे राहण्याचे महिने लिहून घ्यायला सांगा, म्हणजे डॉक्टर पुढची तारीख आणि गोळ्या भट्टीजवळच्या सरकारी रुग्णालयातून मिळतील असं लिहून देऊ शकतात.